भूमिगत कोळसा खाणींतील छत कोसळण्याचे अपघात : जाणकारांनी आणि भरतीला निघालेल्या मुलांनी वाचावे

करवीरचा ओव्हरमन

६ मार्च २०२५ रोजी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, पाथाखेडा भागातील छतरपूर खाणीत छत कोसळून तिघांचा मृत्यू झाला. ही खाण ज्या वेस्टर्न कोलफील्ड्सची आहे, तिचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. तरीही कोल्हापुरात त्या बातमीवर जे काही बोलणे ऐकले, त्याचा सूर एकच होता : खाणीची नोकरी म्हणजे जिवाशी गाठ, नशिबात असेल ते घडणार. विदर्भातील भूमिगत खाणींत आधी मायनिंग सरदार, म्हणजे कामाच्या जागेवर छत आणि सुरक्षितता तपासणारा पर्यवेक्षक, आणि नंतर त्याच्या वरचा ओव्हरमन म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आणि गावाकडे परतलो. ‘नशीब’ हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. दुसरे कारण असे की, राधानगरी आणि भुदरगडकडची माझ्या ओळखीची काही मुले ठेकेदारामार्फत चंद्रपूर पट्ट्यात कामाला निघाली आहेत, आणि खाण म्हणजे काय याची त्यांच्या घरी कुणालाच कल्पना नाही.

आपल्या देशातील बहुतेक भूमिगत कोळसा खाणी खांब आणि गल्ल्या या पद्धतीच्या आहेत. कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गल्ल्या, म्हणजे गॅलऱ्या, खणत जायचे आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. नियमाप्रमाणे गॅलरीची रुंदी ४.८ मीटरच्या आणि उंची ३ मीटरच्या आत ठेवावी लागते. खांब वरचा सगळा डोंगर तोलतात. मात्र गॅलरीच्या माथ्यावरचा लगतचा थर खांबावर नसतो, तो दोन खांबांच्या मधे अधांतरी असतो. आपण ज्याला ‘छत कोसळणे’ म्हणतो, त्यातील बहुसंख्य घटना या लगतच्या थराच्या असतात. हा थर वजनाने लहान नसतो. ४.८ मीटर रुंद, २ मीटर लांब आणि अर्धा मीटर जाडीचा वाळूखडकाचा एक पत्रा निसटला, तर तो दहा टनांपेक्षा जास्त भरतो, आणि डोक्यावरच्या शिरस्त्राणाला त्या वजनापुढे काही अर्थ उरत नाही.

असे अपघात खाणीत सर्वत्र सारख्या प्रमाणात होत नाहीत, आणि हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. आपल्याकडील खाण सुरक्षा महासंचालनालयाचे विश्लेषण वर्षानुवर्षे एकच गोष्ट दाखवते : छत कोसळून मेलेले बहुतेक कामगार कोळसा काढण्याच्या तोंडापासून १० मीटरच्या आत होते. तिथले छत नुकतेच उघडे पडलेले असते. सुरुंग उडाला, धूर गेला, कोळसा खाली पडला, पण छताला बांधून धरणारा एकही बोल्ट अजून लागलेला नाही, अशा त्या मधल्या वेळात माणसे आत शिरतात. कुणी छत झाडायला, म्हणजे सुटे तुकडे पाडायला जातो, कुणी टेकू लावायला, कुणी केबल ओढायला, तर कुणी फक्त बघायला. दुसरी धोक्याची जागा म्हणजे गॅलऱ्यांचा चौक. ४.८ मीटरच्या दोन गॅलऱ्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर जवळजवळ ६.८ मीटर होते, आणि तेवढा माथा आधाराविना राहतो. तिसरी जागा गोफची कड. सोडलेले खांब परतीच्या वाटेवर काढून घेतले जातात, त्याला डिपिलरिंग म्हणतात, आणि मागे जी पोकळी राहते तो गोफ. तिथे छत कोसळावे अशीच योजना असते. फक्त ते माणसे मागे हटल्यानंतर कोसळावे लागते.

छत तपासण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत विश्वासाची आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो. सरदार शेवटच्या आधाराखाली उभा राहतो, म्हणजे त्याच्या डोक्यावर बोल्ट मारलेले पक्के छत असते. लांब पहारीने तो पुढचे छत ठोकतो. छत पक्के असेल तर पक्क्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा खणखणीत आवाज येतो. थर सुटलेला असेल तर आवाज बद्द आणि पोकळ येतो. छत हाताच्या टप्प्यात असेल तर एका हाताची बोटे छताला टेकवून दुसऱ्या हाताने ठोकतात. थर सुटला असेल तर कानाला कळण्याआधी बोटांना थरथर जाणवते. आवाज बद्द आला तर तो भाग पहारीने पाडायचा, आणि पाडताना उभे राहायचे ते बाजूला, पाय मागे पळायला मोकळे ठेवून. पाडता येत नसेल तर तिथे कुंपण घालून फलक लावायचा आणि कुणालाही आत सोडायचे नाही. हे सगळे पाळीच्या सुरुवातीला एकदा केले की संपले, असे नसते. पक्के वाटलेले छत दोन तासांनी सुटू शकते, कारण वरचा भार सरकत असतो आणि खडकात दमट हवा शिरत असते.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे आहे : आधार नसलेल्या छताखाली एकही माणूस जाता कामा नये, आणि हे अमलात आणण्यासाठी काम थांबवण्याचा अधिकार त्या जागी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती खरोखर असला पाहिजे. कागदावर तो आहे. प्रत्यक्षात किती आहे, यावर या धाग्यात बोलावे अशी इच्छा आहे.

शिरोलीचा फौंड्रीवाला

काका, मनापासून धन्यवाद. आमच्या कपोला भट्टीत हार्ड कोक जातो, आणि झरियाचा कोक, आयात कोक, राख किती टक्के, भाव काय, एवढेच आम्ही आजवर बोलत आलो. त्या कोकमागे कोण किती खोल उतरते, हा विचार शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कुणी केल्याचे मला आठवत नाही.

माझे दोन साधे प्रश्न आहेत. उघड्या खाणीतून कोळसा निघत असताना भूमिगत खाणी चालवायच्याच कशाला? आणि चालवायच्या असतील तर माणूस आत जाण्याआधी यंत्राने आधार का लावला जात नाही? आमच्याकडे हात जाईल तिथे गार्ड नसेल तर प्रेस चालू करू देत नाहीत.

करवीरचा ओव्हरमन

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, देशाच्या एकूण कोळशात भूमिगत खाणींचा वाटा आता पाच टक्क्यांच्याही खाली आला आहे, तरीही त्या बंद होणार नाहीत. वरवरचा कोळसा संपत जातो, उघड्या खाणीला जमीन आणि जंगल लागते, आणि केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने २०३० पर्यंत भूमिगत उत्पादन १० कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साधायचे तर उत्पादन आजच्या कित्येक पट वाढवावे लागेल, म्हणजे भूगर्भात काम वाढणार आहे. छताचा प्रश्न जुन्या जमान्यातला म्हणून सोडून देता येणार नाही तो यामुळेच.

दुसरा प्रश्न नेमका आहे. पूर्वी लाकडी टेकू आणि लाकडाचे चॉक, म्हणजे आडवे-उभे रचलेले ओंडके, हाच आधार होता. जाणती माणसे लाकडावर विश्वास टाकत, कारण भार आला की लाकूड करकरते, त्याच्या चिरफळ्या निघू लागतात आणि माणसाला पळायला थोडा वेळ मिळतो. पण टेकू छत पडू लागल्यावर भार घेतो, आणि तो लावण्यासाठी माणसाला त्याच कच्च्या छताखाली उभे राहावे लागते. रूफ बोल्टचे काम वेगळे आहे. छतात भोक पाडून त्यात रेझिन किंवा सिमेंटच्या कॅप्सूल आणि पोलादी सळई घालतात. त्यामुळे वरचे पातळ थर एकमेकांना बांधले जातात आणि सगळे मिळून एका जाड तुळईसारखे भार तोलतात. बोल्ट जितका लवकर लागेल तितका उपयोगी, कारण थर एकदा सुटले की त्यांना पुन्हा घट्ट करता येत नाही.

यंत्राने बोल्ट मारण्याची सोय आज उपलब्ध आहे. चालकाच्या डोक्यावर छत्र असलेली बोल्टिंग यंत्रे आहेत. कंटिन्युअस मायनर, म्हणजे सुरुंगाविना कोळसा सलग कापणारे यंत्र, दूरनियंत्रकाने चालवता येतो, म्हणजे चालक बोल्ट मारलेल्या छताखाली उभा राहतो आणि यंत्र पुढे जाते. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस छत कोसळून वर्षाला सुमारे शंभर कोळसा कामगार मरत होते. १९६९ चा कायदा, सक्तीचे आधार-आराखडे, छत्र असलेली यंत्रे, छताला लावलेली जाळी आणि खांबांच्या आकाराचे शास्त्र यांमुळे २०१६ साली तिथे या कारणाने एकही मृत्यू झाला नाही. खडक तोच राहिला, काम करण्याची रीत बदलली. आपल्याकडे मात्र अनेक खाणींत आजही हाताने धरायच्या ड्रिलने बोल्ट मारले जातात, आणि ते ड्रिल धरणारा माणूस अर्थातच कच्च्या छताच्या अगदी कडेला उभा असतो.

भूशास्त्राची शिक्षिका

मी इथल्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. आपल्या जिल्ह्यात दख्खनच्या काळ्या पाषाणाखेरीज विद्यार्थ्यांना दुसरा खडक फारसा बघायला मिळत नाही, त्यामुळे कोळशाचे छत कसे असते हे वर्गात समजावणे नेहमी अवघड जाते. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपला काळा पाषाण लाव्हारसातून थिजलेला आहे. विदर्भातला कोळसा गोंडवन काळातला, सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींतला आणि नद्यांच्या गाळातला आहे. कोळशाचे थर बराकर नावाच्या खडकगटात सापडतात, आणि त्यांच्या वर काही भागांत कामठी वाळूखडक असतो, ज्याला नागपूरजवळच्या कामठीचेच नाव मिळाले आहे. हे खडक थराथरांचे आहेत. नदीने एका पुरात वाळू टाकली, दुसऱ्यात चिखल टाकला, त्यानंतर पालापाचोळा आला, आणि असे सगळे एकावर एक साचत गेले. दोन थरांमधला चिखलाचा किंवा कोळशाचा बारीक पापुद्रा हीच छताची दुबळी जागा. त्यात उभ्या भेगा आणि तिरक्या घसरभेगा, ज्यांना खाणीत स्लिप म्हणतात, आल्या की खडकाचा एक तुकडा चहूबाजूंनी सुटा होतो. तिरक्या भेगांच्या पाचरीसारखा असा तुकडा कधी कधी काहीही आवाज न करता निसटतो, त्यामुळे ठोकून बघण्याच्या परीक्षेलाही मर्यादा आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

आपल्याकडे छताची प्रत ठरवण्यासाठी धनबादच्या संशोधन संस्थेने आणि तिथल्या खनिकर्म विद्यालयाने मिळून एक गुणांकन पद्धत तयार केली आहे. शंभरपैकी गुण दिले जातात : थराच्या जाडीला ३०, भेगांसारख्या रचनादोषांना २५, पाणी-हवेत खडक किती झिजतो याला २०, खडकाच्या ताकदीला १५ आणि पाझरणाऱ्या पाण्याला १०. खडकाच्या ताकदीला फक्त १५ गुण आहेत, हे माझ्या विद्यार्थ्यांना प्रत्येक वेळी आश्चर्याचे वाटते. दगड कितीही टणक असला तरी पातळ थरांचा आणि भेगाळ असेल तर तो छत म्हणून कुचकामी ठरतो. या गुणांवरून बोल्टची लांबी, त्यांच्यातील अंतर आणि जोडीला लागणारे टेकू ठरतात. माझी शंका एवढीच आहे की, एका ठिकाणी मोजलेला गुणांक पुढच्या शंभर मीटरला तसाच लागू धरला जातो का? गोंडवनचा गाळ दहा पावलांवर बदलतो.

करवीरचा ओव्हरमन

ताई, तुमची शंका रास्त आहे. आराखडा खाणीच्या त्या भागापुरता एकदा मंजूर होतो आणि पुढे छत बदलले तरी बोल्टचे अंतर तेच राहते, असे मी स्वतः पाहिले आहे. मग बदल ओळखायचा तो ड्रिल करणाऱ्याने. भोक पाडताना ड्रिल अचानक सहज आत गेले, किंवा बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग बदलला, तर वर मऊ थर किंवा पोकळी आहे हे त्याला सर्वांत आधी समजते. ती गोष्ट त्याने कुणाला सांगायची आणि सांगितल्यावर पुढे काय होते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

कॉलरीची लेक

माझे माहेर विदर्भातल्या एका कॉलरीच्या वसाहतीत आहे, आणि लग्नानंतर मी कोल्हापुरात आले. वडील आधी कोळसा भरणारे लोडर होते आणि नंतर टेकू लावणारे टिंबरमन झाले. खाणीचे नाव मी लिहीत नाही.

इथे आतापर्यंत खडकाबद्दल चांगले लिहिले गेले, पण माणसांबद्दलही लिहिले जावे. वडिलांच्या काळात लोडरला भरलेल्या टबांप्रमाणे, म्हणजे कोळशाच्या छोट्या डब्यांप्रमाणे, पैसे मिळत. टेकू लावण्यात जो वेळ जाई, त्याचे वेगळे काही मिळत नसे. ज्याच्या घरी पाच खाणारी तोंडे आहेत, तो ‘आधी चार टब भरून घेऊ, मग टेकू लावू’ असे म्हणणारच. वसाहतीत वेळी-अवेळी भोंगा वाजला की सगळ्या बायका दाराबाहेर येऊन खाणीच्या रस्त्याकडे बघत उभ्या राहत, कुणीही कुणाशी बोलत नसे. आमच्या शेजारच्या काकांवर छताचा तुकडा पडला तेव्हा चौकशीत निष्कर्ष निघाला की, त्यांनी स्वतः नियम मोडून कच्च्या छताखाली प्रवेश केला. ते खरेही असेल. पण त्यांना तिथे कुणी पाठवले, त्या पाळीत टेकूचे लाकूड आत पोहोचले होते का, आणि आदल्या पाळीच्या सरदाराने वहीत काय लिहिले होते, हे काकूंना कधीच कुणी सांगितले नाही. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, म्हणून दोष त्याच्या नावावर टाकणे सोपे असते.

आता टबाचा हिशेब गेला आहे, पण ठेकेदारी आली आहे. कायम कामगार ‘मी आत जाणार नाही’ असे म्हणू शकतो, त्याच्यामागे युनियन असते. ठेकेदाराचा मुलगा असे म्हणाला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा येतो.

राजारामपुरीचा अभियंता

मी बांधकाम क्षेत्रातला आहे. वरील सर्वांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. आमच्या साइटवर हार्नेस दिलेला असतो आणि तरीही माणसे तो काढून ठेवतात. विहिरीच्या कामावर यारी लावून माणसे खाली उतरतात आणि वर काठावर मुरमाचा ढीग तसाच असतो. तो ढासळून माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्या भागातही येतात. कामगारांच्या सवयी बदलल्याशिवाय कोणताही नियम पुरा पडणार नाही, आणि दरवेळी व्यवस्थापनाकडे बोट दाखवून हा भाग झाकता येणार नाही.

दुसरे असे की, या धाग्यात खांबांचा विषय मागे पडला. सर्वांत भीषण घटना लगतच्या थराच्या नसून खांबांच्या आहेत. २१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक खाणीत शेकडो खांब एकापाठोपाठ चिरडले गेले आणि ४३५ माणसे आत गाडली गेली. त्यांचे मृतदेहही काढता आले नाहीत. काही आठवडे आधी त्याच खाणीचा एक भाग खचलेला होता. या घटनेनंतर सॅलॅमन आणि मन्रो या दोघांनी तिथल्या उभ्या राहिलेल्या आणि कोसळलेल्या खांबांचा हिशेब मांडून खांबाच्या ताकदीचे सूत्र काढले आणि १९६७ साली ते प्रसिद्ध केले. त्याआधी खांब किती जाड ठेवायचा, हे बऱ्याच अंशी अनुभवाने ठरत असे.

करवीरचा ओव्हरमन

कोलब्रुकची आठवण काढलीत हे बरे केले. डिपिलरिंगमध्ये आपण हेच खांब मुद्दाम काढतो. दोनशे मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर साडेचारशे ते पाचशे टनांचा भार असतो. एक खांब काढला की त्याचा भार शेजारच्या खांबांवर जातो. गोफमधले छत वेळेवर कोसळत राहिले तर भार मोकळा होतो. टणक वाळूखडक असेल तर ते कोसळत नाही, लटकत राहते, क्षेत्रफळ वाढत जाते, आणि मग एकदम सगळे खाली येते. त्या वेळी जो हवेचा लोट सुटतो, तो माणसांना उचलून फेकतो. म्हणून लटकलेले छत सुरुंगाने मुद्दाम पाडावे लागते. अमेरिकेच्या यूटा राज्यातील क्रँडल कॅनियन खाणीत ६ ऑगस्ट २००७ रोजी असेच खांब काढताना उरलेले खांब फुटले आणि सहा जण आत अडकले. दहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, त्यांना शोधायला गेलेल्यांवर पुन्हा बगल, म्हणजे गॅलरीची बाजूची कोळशाची भिंत, फुटून तिघे बचावकर्ते मरण पावले.

सवयींच्या मुद्द्यावर मात्र मला स्पष्ट असहमती नोंदवावीशी वाटते. ७ मार्च २०२२ रोजी तेलंगणातील अड्रियाला लाँगवॉल खाणीत छत आणि बगल कोसळून तिघे मरण पावले. त्यात त्या विभागाचे सुरक्षा अधिकारी होते. मी सुरुवातीला उल्लेख केलेल्या छतरपूरच्या घटनेतील मृतांतही पर्यवेक्षक दर्जाची माणसे होती. या लोकांना नियम माहीत नव्हते किंवा त्यांना बेफिकिरीची सवय होती, असे कोण म्हणेल? ज्ञान असलेली, परवाना असलेली, जबाबदारीने तपासायला गेलेली माणसे जर मरत असतील, तर माणसाला त्या जागी जावेच लागते ही कामाची रचनाच चुकीची आहे. हार्नेस न घालणाऱ्याला आपण समज देऊ शकतो. पण ज्या कामात आधार लावण्यासाठीच आधाराविना उभे राहावे लागते, तिथे समज कुणाला देणार?

सवयीही हवेतून येत नाहीत, हे ताईंनी टबाच्या उदाहरणातून दाखवलेच आहे. पाळीचे उद्दिष्ट फळ्यावर खडूने लिहिलेले असते. छत झाडायला किती वेळ गेला, याचा रकाना त्या फळ्यावर मी कधी पाहिला नाही. सरदाराने काम थांबवले तर तो आकडा घटतो आणि त्याला वर बोलावून विचारणा होते. थांबवले नाही आणि काही घडले नाही, तर कुणी काहीच विचारत नाही. हा हिशेब उलटा व्हायला हवा. ज्या सरदाराने महिनाभरात एकदाही काम थांबवलेले नाही, त्याला आधी विचारले पाहिजे की छत खरोखर एवढे चांगले आहे का.

राजारामपुरीचा अभियंता

सुरक्षा अधिकाऱ्याच्या उदाहरणाने विचारात पाडले. मोजमापाचे काय? आमच्याकडे पुलाच्या कामात हालचाल मोजणारी उपकरणे लावतात. खाणीत छत किती खाली आले, हे पहारीच्या आवाजाखेरीज कशाने कळते?

करवीरचा ओव्हरमन

उपकरणे आहेत आणि ती महागही नाहीत. छत आणि जमीन यांतील अंतर लांब-आखूड होणाऱ्या दांडीने रोज ठरलेल्या खुणांवर मोजतात. अंतर कमी होण्याचा वेग वाढला की समजायचे. दुसरे उपकरण टेलटेल. छतात भोक पाडून उंचावर एक तार अडकवतात आणि तिच्या खालच्या टोकाला हिरवे, पिवळे, लाल पट्टे असलेली नळी लोंबते. छत खाली आले की एकेक पट्टा झाकला जातो. दुहेरी टेलटेलमध्ये एक तार बोल्टच्या लांबीच्या आत आणि दुसरी त्याच्या वर बांधलेली असते, त्यामुळे हालचाल बोल्टच्या पट्ट्यात आहे की त्याच्याही वर आहे, हे उमगते. बोल्टच्या वरचा थर सुटत असेल तर आणखी तसलेच बोल्ट मारून काही उपयोग नसतो. लांब केबल बोल्ट लागतात. इंग्लंडमधील बिल्स्थॉर्प खाणीत १८ ऑगस्ट १९९३ रोजी बोल्टच्याच आधारावरील रस्ता कोसळून तिघे मेले, तेव्हापासून बोल्ट मारले म्हणजे निर्धास्त झालो, या समजाला जगभर धक्का बसला.

टेलटेलचा मोठा गुण असा की, तो वाचायला शिक्षण लागत नाही. हिरवा आणि पिवळा पट्टा झाकला जाऊन फक्त लाल उरला की ठेकेदाराच्या नव्या मुलालाही धोका कळतो. २०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी थर-नियंत्रण आणि त्याच्या देखरेखीचा आराखडा आवश्यक केला आहे. उपकरण लावणे आणि ते रोज वाचून त्यावर निर्णय घेणे यांतले अंतर अजून भरायचे आहे. मी अशी टेलटेल पाहिली आहे, जिच्यावर कोळशाची भुकटी इतकी बसली होती की पट्टे दिसतच नव्हते.

भुदरगडचा मावळा

नमस्कार काका. मी ज्यांच्याबद्दल आपण लिहिले त्यांच्यापैकीच एक आहे. आयटीआय फिटर झालो आहे आणि पुढच्या महिन्यात ठेकेदारामार्फत कंटिन्युअस मायनरच्या देखभालीसाठी जाणार आहे. घरी आई नको म्हणते आहे. वरचे सगळे वाचून थोडी भीती वाटली, पण जायचे ठरले आहे. तिथे गेल्यावर मी नेमके काय विचारावे आणि काय पाहावे, हे कृपया सांगावे.

कॉलरीची लेक

दादा, आईला आधी ठेकेदाराचे नाव, खाणीचे नाव आणि वसाहतीतल्या एका तरी माणसाचा फोन नंबर लिहून द्या. हे आधी करा, बाकीचे नंतर.

करवीरचा ओव्हरमन

बाळा, ताईंनी सांगितले ते पहिले कर. त्यानंतर कागदपत्रे. आत उतरण्याआधी तुझी वैद्यकीय तपासणी आणि १९६६ च्या नियमांप्रमाणे व्यावसायिक प्रशिक्षण झालेच पाहिजे. ‘नंतर करून घेऊ, आधी कामाला लाग’ असे कुणी म्हणाले तर उतरू नकोस. तुझे नाव कामगारांच्या नोंदवहीत, ज्याला तिथे बी फॉर्म म्हणतात, चढले आहे का ते विचार, आणि प्रत्येक पाळीला आत जाताना हजेरी लागते आहे की नाही ते स्वतः बघ. हजेरीत नाव नसेल तर आत काही झाल्यास तू आत होतास हे सिद्ध करण्यात घरच्यांचे हाल होतील. भविष्य निर्वाह निधी ठेकेदाराच्या कामगारालाही लागू आहे.

आता आतले. तू फिटर आहेस, म्हणजे यंत्र बिघडेल तिथे तुला बोलावतील, आणि यंत्र बहुतेक वेळा तोंडाशीच बिघडते. इथेच सांभाळायचे. कंटिन्युअस मायनर कच्च्या छताखाली बंद पडला तर त्याला आधी मागे ओढून बोल्ट मारलेल्या छताखाली आणायचे, मग दुरुस्ती करायची. मागे येतच नसेल तर त्याच्यापर्यंत पक्का आधार लावून झाल्याशिवाय तू पुढे जायचे नाहीस. ‘दोन मिनिटांचे काम आहे, एक बोल्ट तर आवळायचा आहे’ असे वाक्य तुला हमखास ऐकायला मिळेल. त्या वेळी मान वर करून शेवटच्या बोल्टांची रांग कुठे आहे ते बघ, ती रांग म्हणजे तुझी हद्द. नव्या ठिकाणी गेलास की तिथल्या सरदाराला शोधून त्याला विचार : छत कधी ठोकले, टेलटेल कुठे आहे, आज रंग कोणता आहे, आणि पळायची वाट कोणती. चांगला सरदार या प्रश्नांनी चिडत नाही. चौकात उभे राहून डबा खाऊ नकोस, विश्रांती घेऊ नकोस. गॅलरीत मागे, पक्क्या जागी बस. बगलेला टेकूनही बसू नकोस, कारण कोळशाची बगलही सुटते. छतातून बारीक खडी गळू लागली, टेकू करकरला, बोल्टची पट्टी वाकलेली दिसली किंवा कोरड्या जागी एकाएकी पाणी टपकू लागले, तर हत्यारे तिथेच टाकून मागे ये आणि येताना इतरांना हाक दे. हत्यारांसाठी परत जाऊ नकोस.

कुणी जबरदस्ती केली तर सरदाराच्या वहीत नोंद करायला सांग. खाणीत कामगारांच्या बाजूने तपासणी करणारा कामगार निरीक्षक असतो आणि सुरक्षा समिती असते. त्यांची नावे फलकावर लावलेली असतात, ती पहिल्याच आठवड्यात लिहून घे. त्यांनीही ऐकले नाही तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचे पश्चिम विभागाचे कार्यालय नागपूरला आहे. तिथे पत्राने तक्रार करता येते आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंतीही करता येते.

जाण्याआधी एखाद्या रविवारी घरी येऊन जा. पहारीने ठोकलेल्या पक्क्या आणि सुटलेल्या दगडाच्या आवाजातला फरक लिहून पुरता कळत नाही. आमच्या गावामागच्या जुन्या दगडखाणीत सुटलेल्या कपच्या अजून आहेत, तिथे तुझ्याच हाताने तो आवाज ऐकवतो. तुझ्याबरोबर निघालेल्या इतर मुलांनाही घेऊन ये.